बॉयलरपाशी लावायची पाटी

आप्पा,

गाडीचे टायर बदलायला आलो आहे. दीड तास लागेल म्हणाले. इथे अमेरिकेत, ट्रॉयला, थंडी पडायला लागली की बर्फाचे टायर चढवायचे आणि एप्रिलात उतरवायचे, हे इतकी वर्षं करून आता त्याचाही कंटाळा आला आहे. बसायच्या जागेत टीव्ही चालू आहे, तो कोणी बघत नाही. माझ्याजवळ ऑफिसचं पॅड आहे. नऊ दिवसांपूर्वी एक ईमेल आला, त्याचं उत्तर मी रोज उद्यावर ढकलतो आहे आणि आज शेवटचा दिवस आहे. ईमेल तुमच्याबद्दल आहे, म्हणून आधी तुम्हाला लिहितो.

मरे नदीवरच्या तुमच्या बोटीच्या मंडळाकडून तो आला. आईच्या मागे तुम्ही ताईकडे ऑस्ट्रेलियात गेलात, ती ज्या गावच्या हॉस्पिटलात नर्स आहे तिथे, आणि शेवटची तीन वर्षं दर रविवारी त्या बोटीवर जात होतात. शंभर वर्षांहून जुनी, दोन्ही अंगांना पाणी मारणारी चाकं असलेली वाफेची बोट. एके काळी लोकरीचे गठ्ठे वाहायची, आता पर्यटकांना तासभर फिरवून आणते. तिचा बॉयलर थकला, तो काढून नवा बसवणार आहेत. जुन्याच्या आठवणीसाठी दोन पितळी पाट्या करताहेत. एक वरच्या डेकवर, कप्तान आणि इंजिनियर लोकांची. दुसरी खाली बॉयलरपाशी, ज्यांनी त्यात लाकडं घातली त्या फायरमनांची. सेक्रेटरी नवी आहे. ती लिहिते, आमच्या वहीत तुमचे वडील इंजिनियर म्हणून आहेत, ती माहिती तुम्हीच दिली होती. पण आमचे म्हातारे कप्तान म्हणतात, त्यांचं नाव खालीच पाहिजे. एक नाव एकाच पाटीवर घालायचं ठरलं आहे, तर तुम्ही सांगाल तसं करू. तिने ताईलाही विचारलं होतं. ताई म्हणाली, भावाला विचारा.

तुम्ही साखर कारखान्यात फायरमन होतात. हे वाक्य मी मराठीत किंवा इंग्रजीत शेवटचं कधी उच्चारलं ते मला आठवत नाही. बॉयलर अटेंडंटचं सरकारी सर्टिफिकेट होतं तुमच्याकडे, तुम्ही ते परीक्षा देऊन मिळवलं होतंत, पण कॉलनीत सगळे फायरमनच म्हणायचे आणि तुम्हीही. दसऱ्याच्या सुमाराचा कारखाना मला अजून दिसतो. बॉयलर अग्निप्रदीपनाचा मांडव पडला आहे, सत्यनारायण झाला आहे, चेअरमनसाहेब पेटता टेंभा भट्टीत टाकतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो. पाहुणे जेवायला बसले की ती आग मंदावते, कारण तेवढ्या लाकडांनी बॉयलर तापत नाही. मग तुम्ही आत जाता. मी एकदा घरी म्हणालो, पेटवता तुम्ही आणि पेपरात फोटो त्यांचा. तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "पेटवू दे की. पुढं सहा महिने चालवायला ते येणार हैत का?" आणि आई हसली. आमच्या क्वार्टरच्या पायरीवरून चिमणी दिसायची. धूर फिका, पातळ झाला की आई म्हणायची, लागली तुझ्या बापाची पाळी. दुसऱ्या पाळीवाल्यांचा धूर काळा असायचा. आम्हाला घड्याळ लागत नसे.

माझ्या लग्नाच्या वेळी मामांनी स्थळांना द्यायचा कागद लिहिला. त्यात 'वडील : साखर कारखान्यात इंजिनियर' असं लिहिलं. तो कागद आधी माझ्या हातात आला. मी वाचला आणि परत दिला. तुम्ही वाचलात तेव्हा मामांना एवढंच विचारलंत की हे कोण गृहस्थ. मामा म्हणाले, "दाजी, अमेरिकेतल्या पोराला शोभायला नको का?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मोबाइलमध्ये काहीतरी बघत होतो. बायकोला पहिल्याच दिवाळीत कळलं, दोन खोल्यांचं क्वार्टर पाहून. पुष्कळ वर्षांनी एकदा भांडणात म्हणाली, "मला काहीच फरक पडला नसता रे. पण तू ते मला ठरवूच दिलं नाहीस."

मग तुम्ही एका हिवाळ्यात इथे आलात. मित्राकडे जमलो होतो, वीसेक माणसं, पावभाजी होती. माझ्या तोंडून सवयीने गेलं, हे आमचे आप्पा, शुगर इंडस्ट्रीत इंजिनियर होते. पुण्याचे एक काका खुश झाले आणि त्यांनी विचारलं, अरे वा, कॉलेज कुठलं तुमचं? तुम्ही पाव मोडत म्हणालात, "आमचं कॉलेज सहा महिनेच चालायचं. ऊस संपला की सुट्टी." सगळे हसले, काका पण. गाडीत बसल्यावर तुम्ही बेल्ट लावत म्हणालात, "मी आज निभावलं. पण दरवेळी इनोद सुचंल असं नाही." एवढंच. तुम्ही मला लहानपणी मारलंत ते मला आठवत नाही, हे आठवतं.

आणि तरीही मी तेच केलं. तुम्ही ताईकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात नदीवर ती बोट बघितलीत आणि स्वयंसेवक म्हणून नाव दिलंत. ताईने फोनवर सांगितलं की आप्पा दहा वर्षांनी तरुण झालेत, जेवताना बॉयलरशिवाय बोलत नाहीत. मंडळाला तुमच्या कामाची माहिती कोणीतरी लेखी द्यायला हवी होती, तुमचं इंग्रजी जेमतेम, ताईची ड्यूटी, म्हणून त्यांनी मला लिहिलं. दोन मीटिंगच्या मध्ये पाच मिनिटं होती. मी लिहिलं, बॉयलर इंजिनियर, निवृत्त, साखर उद्योगातला दीर्घ अनुभव. शप्पथ सांगतो, तेव्हा त्यात काही खोटं आहे असं मनातसुद्धा आलं नाही. हात आपोआप चालले.

त्या लोकांनी तुमचा मान ठेवला. एवढा मोठा इंजिनियर आपल्याकडे आला म्हणून तुम्हाला पांढरा शर्ट दिला आणि वरच्या डेकवर कप्तानाच्या शेजारी खुर्ची दिली. पर्यटकांनी इंजिनाबद्दल विचारलं तर त्यांना माहिती द्यायची. खाली लाकडं घालायला दोन गोरे गडी होते, एक शाळेतला निवृत्त शिक्षक आणि एक बेकरीवाला, दोघांनाही हौस होती. तुम्ही डबा घेऊन जायचात, वर बसायचात, पर्यटकांकडे बघून मान हलवायचात आणि परत यायचात. मी फोनवर विचारायचो, कसं चाललंय आप्पा? तुम्ही म्हणायचात, बरंय, नदी चांगली आहे, पाणी चहासारखं आहे, काठाच्या झाडांवर पांढरे पोपट ओरडत असतात. सांगायचात की पूर्वी पाणी उतरलं की या बोटी महिनोन्‌महिने गाळात रुतून बसायच्या, माणसं बायकापोरांसकट त्यावरच दिवस काढायची, पाणी वाढेल म्हणून रोज काठाला खूण करायची. मी हं हं करायचो. दुसऱ्या कानाला ऑफिसचा कॉल असायचा.

एक अख्खा हंगाम असा गेला. मग ताईचा फोन आला. "त्यांना खाली जायचंय रे. भट्टीपाशी. रविवारी सकाळी निघताना तोंड बघवत नाही."

मी म्हणालो, अगं मग सांगायचं ना त्यांना.

"मी सांगणार होते. मला म्हणाले, बोलू नको, पोराचा शब्द खोटा पडंल."

मी तिला म्हणालो की मी बघतो.

पुढचं मला तुम्ही स्वतःच सांगितलंत, आणि इतकं लांबलचक तुम्ही माझ्याशी फोनवर कधी बोलला नव्हतात. वर बसल्या बसल्या तुम्हाला धूर दिसला, काळा, जाड. खाली शिक्षकांनी भट्टी गच्च भरली होती, लाकडं ओली होती, आग गुदमरली, वाफ पडली. वळणावर चाकं मंदावली आणि बोट प्रवाहाबरोबर आडवी सरकायला लागली. साठ-सत्तर माणसं वर आइस्क्रीम खात होती, त्यांना कळलंही नाही. तुम्ही शर्ट काढून खुर्चीच्या पाठीला लावलात, बनियनवर जिना उतरलात आणि शिक्षकांना हाताने बाजूला केलंत. इंग्रजी सुचलंच नाही म्हणालात, नुसतं "सर, सर," करत होतात. अर्धी लाकडं बाहेर ओढली, आग भट्टीत सारखी पसरवली, सुके ओंडके निवडून एकेक घातले. पाव तासाने कप्तान वरून ओरडला की खाली कोण आहे. त्याने आपल्या चिमणीला इतका पातळ धूर कधी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून तुम्हाला खाली जाऊ दिलं. पुढे त्यांची परीक्षाही तुम्ही दिलीत, ताईने प्रश्न समजावून सांगितले. फोनवर तुमचा आवाज चांगला होता, पण तुम्ही एक म्हणालात. "इथं माझं लई कौतुक हाय. एवढा मोठा इंजिनियर असून लाकडं घालतो म्हणून. मला हे काम येतंय याचं कुणाला काय न्हाई. मी ते करतोय याचं कौतुक." मग म्हणालात, "तू एकदा त्यांना खरं लिही. मी सांगितलं तर तू खोटा. तू सांगितलंस तर नुसती चूक दुरुस्त झाली. एवढं कर."

मी म्हणालो, लिहितो आप्पा, याच आठवड्यात.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात. तुम्ही परत कधी विचारलं नाहीत, आणि तुम्ही विचारत नाही म्हणजे तुम्ही विसरलात, असं मी धरून चाललो. प्रोजेक्ट होते, ग्रीन कार्डची भानगड होती, देशाबाहेर पडलो तर परत येण्याची अडचण होईल असं मी ताईला सांगायचो आणि ते निम्मं खरं होतं. तुम्हाला त्या भट्टीपाशी उभं राहिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आलो तो तुमच्या अंत्यविधीला. तिथे कप्तान पूर्ण पोशाखात उठून उभा राहिला आणि म्हणाला, हा इंजिनियर आमच्यासाठी वरून खाली आला. त्याला बोलताना रडू आलं. मी पहिल्या रांगेत होतो. त्याच्यानंतर मुलाने दोन शब्द बोलायचे होते. ताईने माझ्याकडे बघितलं, मी उठलो, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो. परत जाताना तिने गाडी चालवता चालवता एकच विचारलं, "आणि ते खरं सांगायचं होतं, ते?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. तिने परत विचारलं नाही. ती तुमच्यावर गेली आहे.

त्याला आता बारा वर्षं झाली. माझे केस गेले. कंपनीने गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधली निम्मी माणसं कमी केली, मला ठेवलं, का ठेवलं ते कळलं नाही. पूर्वी वाटायचं की मी कोण आहे हे लोकांना नीट सांगता आलं पाहिजे. आता कोणी विचारत नाही. पुण्याचे ते काकासुद्धा आता मुलीकडे टेक्सासला असतात. ज्यांच्यासाठी म्हणून तुम्हाला इंजिनियर केलं, त्यांच्यातलं आजूबाजूला कोणीच राहिलेलं नाही. बायकोला मी या ईमेलबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, यात नऊ दिवस विचार करण्यासारखं काय आहे? फायरमन लिहिणं सोपं होतं. पण ते लिहिलं की पुढचा प्रश्न येणार, मग वहीत इंजिनियर कसं आलं. त्या वहीला माझा ईमेल टाचलेला आहे, खाली माझं नाव आहे.

मधे काउंटरवरच्या माणसाने हाक मारली, मागचा डावा टायर आतून झिजला आहे, दाखवू का म्हणाला. मी म्हटलं, जे करायचं ते करा. परत येऊन बसलो, फोन काढला आणि सेक्रेटरीला उत्तर लिहून पाठवून दिलं. चार ओळी. माझे वडील फायरमन होते. आयुष्यभर तेच काम त्यांनी केलं आणि ते उत्तम करत. त्यांचं नाव खाली, बॉयलरपाशी घाला. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं, तिच्याकडे पहाटेचे पाच वाजले असतील. तिला बरं वाटलं, म्हणाली, कप्तानांना वृद्धाश्रमात जाऊन आजच सांगते.

म्हणजे तुमचं काम झालं, आप्पा. ईमेल मी नंतर परत वाचला. चौथी ओळ अशी आहे की आधीच्या नोंदीत काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. कोणाचा, ते मी लिहिलेलं नाही.