सोबत्याचं तिकीट

लेस्टर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऋजू,

आशीर्वाद. तुझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी आहे, पण वहिनी म्हणून हा हक्क लग्नापासून बजावत आलेय, तेव्हा मुकाट्याने घे. आईंचा गुडघा कसा आहे? जिना उतरू नका म्हटलं तरी खाली भाजीवाल्याशी घासाघीस करायला त्या जातच असणार. इथे थंडी मरणाची आहे आणि नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माझ्या हाडांना ती चौदा वर्षांनंतरही मानवलेली नाही. बाकी तब्येत उत्तम. सुईणीचा अभ्यासही बरा चाललाय.

पत्र पाहून दचकली असशील. फोनवर तू "दादा कसा आहे?" विचारतेस, मी "बरा आहे" म्हणते आणि लगेच आईंच्या गुडघ्यावर येते. गेल्या वेळी तू तोच प्रश्न पुन्हा विचारलास. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हे पत्र लिहायला बसले, पण अजून हात धजत नाही. आधी दुसरी बातमी सांगते. मला क्रेडिट कार्ड मिळालं.

हसू नकोस. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी विद्यार्थिनी झाले, आणि माझ्या वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींच्या पर्समध्ये हे असतंच. त्यातली एक ईशिता. आईवडील आपले पुण्याचे, पण पोरगी इथेच जन्मली, त्यामुळे मराठी बोलते आणि लिंगं मनाला येतील तशी वापरते. आम्ही एकाच घरात दोन खोल्यांत राहतो. मला "काकी" म्हणते आणि माझी आई असल्यासारखी रागावते. तिनेच लॅपटॉप माझ्यापुढे ढकलला आणि कार्डांची तुलना करणारी वेबसाइट उघडून दिली.

ऋजू, मी थक्क झाले. तिथे पहिलाच प्रश्न असा, की तुम्हाला बक्षीस काय आवडेल? म्हणजे खर्च आपण करायचा आणि वर बक्षीस त्यांनी द्यायचं. कोणी थोडे पैसे परत देतं, कोणी किराण्यावर सूट, कोणी सिनेमाची तिकिटं, कोणी विमानप्रवासाचे पॉइंट. अण्णा असते तर आईंकडे बघून म्हणाले असते, पिंजऱ्यातल्या खोबऱ्यालाही उंदराचं बक्षीसच म्हणायचं का? ईशिताचं मतही फार वेगळं नाही. दर महिन्याला सगळं बिल आपोआप चुकतं होईल अशी व्यवस्था आधी करायची, नाहीतर सगळे पॉइंट व्याजात जातात, असं तिने मला दोनदा वदवून घेतलं. पण मी त्या प्रश्नापाशीच अडकले होते. मला काय आवडेल, हे इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं तेही एका वेबसाइटने.

कुठलं कार्ड मिळेल ते आधी तपासता येतं. मी नेहमीसारखं तीन पदरी नाव भरलं, नीना शशिकांत उपासनी. उत्तर आलं, की या व्यक्तीची माहिती सापडली नाही. चौदा वर्षं या देशात, ब्रॅकनेलच्या आमच्या घरात काढली! पण घरभाडं शशीच्या नावावर, वीज त्याच्या, कौन्सिलचा कर त्याच्या. माझ्याकडे जे कार्ड होतं ते त्याच्याच खात्याला जोडलेलं. तसल्या कार्डाची बिलं वेळेवर फेडल्याचं पुण्य मूळ मालकाच्या पदरात पडतं म्हणे.

"काकी, तू तर इनव्हिजिबल आहेस," ईशिता म्हणाली. कौतुकाने म्हणाली. मी हसले, पण नंतर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बसवलं, तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. कार्डवाले माणूस मतदारयादीवरून ताडून बघतात, आणि इथल्या यादीत (भारतीयांनाही इथे मत असतं) माझं नाव सप्टेंबरात तिनेच फोनवरून घातलं होतं. तिला आपली पद्धत ठाऊक नाही, तिने नुसतं नीना उपासनी घातलेलं. कार्डवाल्यांकडे मी गेले नीना शशिकांत होऊन. त्यांच्या लेखी या दोन निरनिराळ्या बायका.

"हा शशिकांत कोण?" तिने विचारलं.

"माझा नवरा."

"त्याला पण कार्ड पाहिजे का?"

"नाही."

"मग त्याचा नाव तुझ्या नावात कशाला?"

मी समजावलं. लग्नाआधी मध्ये वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं. आपल्याकडे असंच असतं. कॉलेजच्या पहिल्या तासाला बाईंनी हजेरी घेताना "शशिकांत?" असं पुकारलं, तेव्हा मी कसा निमूट हात वर केला, तेही सांगितलं. पासपोर्टात माझं नि त्याचं नाव एकाच रांगेत आहे ना. ईशिता हसली नाही. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "हा बॉक्स मस्ट नाही आहे, काकी. लिहिलंय बघ."

लिहिलं होतंच. मधलं नाव, असल्यास.

मी एकेक अक्षर पुसत गेले. पाप लागेल अशी धाकधूक होत होती, खोटं कशाला सांगू. मग बटण दाबलं आणि मिनिटभरात तीन कार्डं माझ्यासाठी तयार होती. ऋजू, मी तोंडावर हात ठेवून बसून राहिले. त्याच्या आदल्या आठवड्यात प्रसूती विभागात पहिल्यांदा बाळ जन्मताना पाहिलं. त्या ओल्या, निळसर जिवाने श्वास घेतला आणि तो लाल झाला, तेव्हाही माझं असंच झालं होतं. इथे बाळाच्या मनगटाला लगेच आईच्या नावाची पट्टी बांधतात. आम्हाला मूल झालं नाही म्हणून मला या कामाचं वेड, असं लोक म्हणतील. म्हणू देत.

आता आणखी टाळत नाही.

ब्रॅकनेलचं घर मी सोडलंय, ऋजू. कायमचं. सप्टेंबरपासून शशीला भेटलेले नाही. दर शनिवारी मी तिकडे जाते असं तो आईंना सांगतो ते मला ठाऊक आहे, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही.

तुझा दादा वाईट माणूस नाही. मारलं नाही, टाकून बोलला नाही, मला कशाला कमी पडू दिलं नाही. फक्त त्या जोडकार्डाने मी काही घेतलं की त्याच्या फोनवर संदेश जायचा. मी कॉफी घ्यायची आणि पहिला घोट घ्यायच्या आत त्याचा फोन. "काय मॅडम, कॉफी का?" हसत, लाडानेच विचारायचा. तू ब्रॅकनेलला आली होतीस तेव्हा तुलाही त्याची गंमत वाटली होती. त्याच्या वाढदिवसाचा शर्ट घेतला तर दुकानाच्या दारातच फोन, "माझ्यासाठी ना?" सुरुवातीला मलाही बरं वाटायचं. मग मी चालत जाऊ लागले, काही न घेता परत येऊ लागले. गेल्या वर्षी मी या अभ्यासक्रमाची अर्जाची फी भरली. त्याचा फोन आला. "हे काय चुकून गेलंय, मी परत मागवतो." चुकून नाही म्हटलं, तर तो हसला, आणि घरी येऊन प्रेमाने फी परत मागवायला बसला. फी मी परत जाऊ दिली नाही, आणि त्या संध्याकाळी मला कळलं, की मी इथे राहिले तर उरणार नाही.

हे तुला सांगायला इतके महिने लागले, कारण मला बहीण नाही. जी मिळाली ती लग्नात मिळाली. दादाचं घर सोडलं तर तीही जाईल, या भीतीने मी प्रत्येक फोनवर "बरा आहे" म्हणत राहिले. नवरा सोडताना इतकी घाबरले नव्हते.

कार्ड बुधवारी आलं. माझं नाव उठावदार अक्षरांत आहे, अंधारात बोट फिरवलं तरी वाचता येतं. आडनाव मात्र पुसलं नाही. ते त्याचं एकट्याचं नाही, तुझंही आहे. कार्ड घेऊन बेलग्रेव्ह रोडला, इथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्याला गेले आणि जाडे पोहे नि कढीपत्ता घेतला. पैसे दिले आणि दुकानाबाहेर येऊन हातात फोन धरून उभी राहिले. सवय गं. बस गेली, दुसरी गेली. फोन वाजला नाही. मी पोहे घेतले हे या जगात कोणालाही कळलं नव्हतं. इतकं मोठं काही मला कधी मिळालं नव्हतं, आणि मी तिथेच रडले.

आता बक्षिसाचं. ईशिता म्हणत होती, काकी, पैसे परत देणारं घे, तुला कुठे जायचंय? मी विमानाचं घेतलं. त्यात वर्षभर पुरेसा खर्च झाला, की माझ्या तिकिटाबरोबर सोबत्याचं तिकीट मिळतं. मी भारतात येऊन परत निघाले की शेजारच्या सीटवर एक माणूस आणता येतो. माझ्या एकटीचा खर्च तो कितीसा! म्हणून ईशिता आणि घरातल्या बाकी पोरींनी ठरवलंय, घराचा किराणा, पुस्तकं, शुक्रवारचा पिझ्झा, सगळं माझ्या कार्डावर घ्यायचं आणि आपापला वाटा मला पाठवायचा. माझ्या सोबत्यासाठी त्या मनापासून पिझ्झा खाताहेत.

सोबती कोण चालतो ते मी फोन करून विचारलं. नवराच लागतो का, निदान रक्ताचं नातं? फोनवरची बाई इथलीच निघाली. इथे लाडाने समोरच्याला बदक म्हणतात. "एनीवन यू लाइक, मी डक," ती म्हणाली, म्हणजे तुला आवडेल तो कोणीही, माझ्या बदका. नुसतं नाव लागतं, नातं ते विचारतच नाहीत.

तो रकाना मी रिकामा ठेवलाय. तुला राग आला तर समजून घेईन, आईंना हे केव्हा आणि कसं सांगायचं तेही तू म्हणशील तसं. पण एवढं लिही, की तिथे ऋजुता उपासनी असं भरू का.

तुझी वहिनी (असल्यास),
नीना