उशिरा पोचणारी बासरी

५ ऑक्टोबर

ती. कियोताकादादास सुमिएचा सा. न. वि. वि.

खारवलेले मासे पोचले. निम्मे आमच्या मुख्याध्यापकांनीच फस्त केले, वहिनीला सांग.

पलीकडच्या बेटावरच्या आमच्या शाळेच्या शाखेत आता चिहारु ही एकच विद्यार्थिनी उरली आहे. तिला मी संगणकाच्या पडद्यावरून आपली देवळातली बासरी शिकवते. एकटी छान वाजवते. पण इथल्या सहा मुलांबरोबर वाजवू लागली की तिचा सूर क्षणभर उशिरा पोचतो आणि सगळा मेळ विस्कटतो. म्हणून तेव्हा मी तिचा माइक बंद करते. ती तरीही वाजवते. बोटं हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. परवा तिने विचारलं, बाई, शाळेच्या उत्सवातही मी अशीच का? मुख्याध्यापक म्हणतात, तिचं आधी रेकॉर्ड करून लावा, कोणाला कळतंय. मी काय करू?

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी सुमिए

१२ ऑक्टोबर

चि. सुमिएस अनेक आशीर्वाद.

मासे तुझ्यासाठी होते. यंत्रांवर माझा राग आहे, पण या वेळी गुन्हेगार तू आहेस. यंत्राने त्या पोरीला उशीर केला; मुकं तू केलंस. संगीत म्हणजे काय कवायत आहे, सगळ्यांचं पाऊल एकदम पडायला? विधीआधी देवळात आपण काय वाजवायचो ते आठव. एकाने सुरू करायचं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. तीच धून, पण प्रत्येकजण पुढच्याच्या मागावर. तू माझ्या सुराला जाऊन चिकटलीस तेव्हा बाबांनी तुला दटावलं होतं, की मागे राहा, बाई. शेकडो वर्षं आपली माणसं मुद्दाम मागे राहून वाजवत आली, आणि तू एका क्षणाला भितेस? ती धून शिकव. रेकॉर्ड लावलंस तर माझ्या दारात येऊ नकोस.

रागावलो तरी जीव तुझ्यातच आहे.

कियोताका

४ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

इथल्या मुलांना मागे राहणं जमेना. सारखी एकमेकांना चिकटायची. चिहारुला मात्र शिकवावंच लागलं नाही.

काल उत्सवात मुख्याध्यापकांनी रेकॉर्ड तयार ठेवलं होतं. मी माइक उघडला. एकामागून एक सहा बासऱ्या निघाल्या आणि सातवी समुद्रापलीकडून. शेवटी इथली सहाही मुलं थांबली. ते थांबणं चिहारुपर्यंत पोचायला क्षण लागला. तेवढा वेळ भरल्या सभागृहात तिची एकटीची बासरी वाजत होती.

मुख्याध्यापकांसाठी वेगळे मासे पाठव. त्यांच्या टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.

लोभ उशिरा पोचला तरी चालेल, पोचत राहावा.

तुझी सुमिए