मागच्या वळचणीचा धोंडा

कार्तिक शुद्ध तृतीया

लिहीन लिहीन म्हणत दसऱ्यापासून टाळत आलो. बोरू तासून झाला, शाई घोटून झाली, की नेमका कुठेतरी ढोल वाजतो आणि मी उठतो. जुन्नरच्या गुरुजींनी याचसाठी माझे कान पिळले होते. आज मात्र बसलोच, कारण आज डोक्यावर छप्पर आलं.

मिठाच्या बैलांमागून चालत पुण्यात शिरलो. कुंभारवेशीजवळच्या बोळात तुळजाबाई नावाच्या विधवा बाईंना घर शाकारायला माणूस हवा होता. नाव जयसिंग सांगितलं, तर म्हणाल्या, नाव राजाचं आणि पायात वहाण नाही. काय काय येतं, विचारलं. मी म्हणालो, सांगाल ते. म्हणजे काहीच येत नाही, असं म्हणून त्यांनी भाऊबीजेची उरलेली करंजी हातावर ठेवली.

घरात त्या आणि त्यांची सून श्यामला, दोघीच. श्यामलाच्या कपाळी कुंकू आहे, नवरा मात्र दिसत नाही. असेल कुठे मोहिमेवर. मला माळा दिलाय. इथून नदी दिसते, कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर दिसतो. आणखीही खूप दिसतं, पण ते लिहीत बसलो तर हे राहील. पाठ टेकायला जागा मिळाली, एवढं खरं.

कार्तिक शुद्ध पंचमी

कोकणातून घाट चढून आलेले बैलवाले सांगतात, दर्या खवळला, माडांची बनं आडवी झाली आणि तुफान आमच्या मागोमाग येतंय. आभाळ न घासलेल्या तांब्यासारखं झालंय. सगळा बोळ कामाला लागला. धान्य माळ्यावर, सरपण आत, विहिरीवर फळ्या. गुरांची दावी सोडून ठेवली, भिंत पडलीच तर त्यांना पळता यावं. मी फुटकी कौलं बदलली.

मग दोर. शेजारचा मैनुद्दीन अंबाडीचे दोर वळतो. ते आढ्यावरून आडवे टाकायचे आणि टोकांना धोंडे बांधायचे, म्हणजे छप्पर उडत नाही. बोळाची रीत अशी, की घरात जितकी माणसं तितके धोंडे, आणि ज्याचा त्याने नदीवरून स्वतः उचलून आणायचा. मैनुद्दीन म्हणाला, आमच्या सकीनाचा धोंडा माझ्याहून जड, म्हणून तर घर जागेवर आहे. आतून सकीनाबी म्हणाली, तुमचा धोंडा हलका आणि अक्कलही.

तुळजाबाई मला म्हणाल्या, तुझाही आण. या घरात जेवतोस ना? आजवर कुठल्याच घरावर माझा धोंडा नव्हता.

कार्तिक शुद्ध षष्ठी

नदीवर निघालो. वाटेत शनवारवाड्यापुढच्या मंडईत एक दरवेशी अस्वल नाचवत होता. अस्वल काही नाचेना. सारखं पश्चिमेकडे तोंड करून सुस्कारे टाकत होतं. जरा बघू म्हटलं आणि बघतच राहिलो. भानावर आलो तेव्हा मंडई उठलेली, नदीला गढूळ लोंढा, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली.

हात हलवत परत कसं जायचं? घरामागच्या वळचणीला एक धोंडा कुजक्या दोरावर लोंबताना कालच पाहिला होता. शेवाळलेला, कोणाच्या कामाचा नसलेला. तोच काढला, घासला आणि पुढच्या दोराला माझा म्हणून बांधला. तुळजाबाईंनी त्याच्यावरून हात फिरवला. गोल मिळाला चांगला, म्हणाल्या. मी नुसती मान डोलावली.

कार्तिक शुद्ध सप्तमी, सकाळ

वारा सुटलाय. पाऊस नाही, नुसता वारा.

श्यामलाने तीन ताटं मांडली. मी बसायला गेलो तर म्हणाली, ती जागा धरलेली आहे. कोणी धरली, विचारलं, तर तिची तीच गोंधळली. मला वाढायचं विसरून गेली.

मैनुद्दीन जास्तीचा दोर द्यायला आला. मागच्या वळचणीकडे बघून त्याचा चेहरा उतरला. अनंतचा धोंडा कोणी काढला, विचारू लागला. वाऱ्याने पडला असेल, मी म्हणालो. तेव्हा त्याने हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

अनंत म्हणजे तुळजाबाईंचा मुलगा, श्यामलाचा नवरा. मागच्या तुफानात तो मैनुद्दीनचंच छप्पर बांधत होता. धोंडे बांधून झाले की घरातल्या वडीलधाऱ्याने एकेकाचं नाव घ्यायचं. जो ओ देईल तो आत. मग अडसर, आणि वारा पडेपर्यंत दार उघडायचं नाही, नाहीतर वारा आत शिरून छप्पर नेतो. अनंतची ओ आली नाही. अडसर पडला. मग तो दाराशी आला आणि आईला हाका मारत राहिला. तुळजाबाईंनी उघडलं नाही. देह काही सापडला नाही, म्हणून श्यामलाचं कुंकू तसंच आहे. त्याचा धोंडा मागे टांगून ठेवला. तुझी जागा इथे, आत मागू नकोस, असं सांगून.

मला तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण हे मला असल्या वाऱ्यात बाहेर काढतील. पहिल्यांदाच एका घरात मोजलो गेलोय —

सप्तमी, दुपार

भरदुपारी अंधार. पणती लावून लिहितोय.

नावं घेतली. श्यामला — तिने ओ दिली. जयसिंग — मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या वळचणीतून कोणीतरी ओ दिली. तरुण आवाज. तुळजाबाई पांढऱ्या पडल्या. आईला कळतं.

तरी अडसर घातला. मी ओरडलो, बाई, मी इथे आहे, आत आहे. त्या माझ्या आरपार दाराकडे बघत राहिल्या.

सप्तमी, अजून अंधार

माझा धोंडा — माझा कसला — भिंतीवर आपटतोय. दार ठोठावल्यासारखा. कुजक्या अंबाडीचा वास घरभर.

बाहेरून हाक. आई —

श्यामला चुलीवर पाणी तापवतेय. अंघोळीचं. कोणाच्या?

खाली उतरलो. सगळं सांगितलं. चूक माझी, धोंडा काढतो, मागे नेऊन बांधतो, हवं तर मीही जातो — एकीनेही मान वळवली नाही. सुनेच्या पदराला हात लावला, तर तिने वारा लागल्यासारखा पदर सावरला.

बोटांना शेवाळ. धुतलं. पुन्हा धुतलं. निघत नाही —

सप्तमी

तुळजाबाई रडताहेत. मागच्या वेळी नाही उघडलं रे, म्हणताहेत, आता उघडते — नको, बाई, नको —

अडसर उचलला.

वारा आत आला. छप्पर जागेवर. धोंडे तीन. माणसं —

श्यामला हसतेय. आई, हे आले, म्हणते. अंग केवढं गार पडलंय बघा —

दार लागलं. पुन्हा नावं. श्यामला. ओ. अनंत. ओ.

माझं घेतलंच नाही. तरी मी ओ दिली, जीव तोडून दिली — माळ्यावरून नाही आली ती — बाहेरून, मागच्या वळच