मागं तोंड असलेली पिशवी

माय, ते चित्रांचं पुस्तक तुला आठवतं का? आठवणार कसं म्हणा, तू ते कधी पाहिलंच नव्हतंस. निजामाचं राज्य होतं, अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे, शाळेत सगळं उर्दूत. मास्तरांनी दोन जनावरं दाखवली. एक थंड मुलखातला बीव्हर, दातांनी झाडं पाडून ओढ्याला बांध घालणारा. दुसरं कधीचंच नामशेष झालेलं. दात तसेच, पण अंगानं थोराड, जमिनीत बिळं खोदणारं, आणि मादीच्या पोटाला पिल्लाची पिशवी. तिचं तोंड मागं. "ते मागं का, हे उद्या जो सांगेल त्याला ही तांबडी पेन्सिल," मास्तर म्हणाले.

शाळा सुटल्यावर मी थेट पाटलांच्या विहिरीवर आलो. खोदकाम चालू होतं, तू मातीच्या पाट्या वाहत होतीस, आणि धाकटी बाभळीला टांगलेल्या झोळीत झोपलेली. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तू पाटी उतरवता उतरवता हसलीस.

"कावून म्हंजी? म्होरच्या पायानं उकरती न्हवं ती? तोंड म्होरं आसतं तर समदी माती लेकराच्या नाकातोंडात गेली आसती. आमी तरी झोळीचं तोंड ढिगाकडं ठिवतो व्हय? लई शाना हाय बग तुजा मास्तर!" मग पदरानं तोंड पुसत तू विचारलंस, "तो बांध घालणारा हाय आजून, आन् लेकराला येवढं जपणारी ही कावून मेली रं?" मी तुझं उत्तर घोकत घराकडं पळालो.

दुसऱ्या दिवशी मी उठून तुझंच उत्तर उर्दूत दिलं. मास्तर खूश झाले. "किसने बताया?" वर्गात वकिलाचा पोरगा होता, पाटलाचा होता. माती वाहणारी माय सांगायची मला लाज वाटली गं. मीच विचार केला, असं म्हणालो.

संध्याकाळी तू लगेच विचारलंस, "बरूबर आलं का रं?" खरं बोललो असतो तर तू विहिरीवर सगळ्यांना सांगत सुटली असतीस, आणि ते वर्गात पोचलं असतं. "न्हाई," मी म्हणालो, "मास्तर म्हनले, चूक हाय." पेन्सिल दप्तराच्या तळाशी होती.

"आसंल बाबा, आमाला काय कळतंय," म्हणालीस आणि भाकरी थापायला बसलीस. पुन्हा कधी शाळेतलं काही विचारलं नाहीस.

मीही पुढं मास्तर झालो. हे पत्र कुठल्या डाकेत टाकू? घडी घालून पुस्तकात ठेवतो. माय, उत्तर बरोबर होतं.