विकत आणलेलं इंजिन

रीम्सटाउन,
रविवार दुपार

प्रिय अमोन,

आधी मी हातांनी केलेल्या गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज व्हायचा नाही. इंजिन ज्यांवर बसतं ते दोन्ही बाजूंचे आधार मी जाड पोलादी पत्र्यातून कापले, वाकवले आणि वेल्ड केले. गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी मी केली. बाजारात मिळते, पण ती सायलेन्सरच्या नळीला आडवी येते आणि मग लोक नळी चेपतात. मी नळी चेपत नाही. दोन्ही नळ्या मीच वाकवल्या. ॲक्सिलरेटरची दांडी, रेडिएटरच्या कडेच्या पट्ट्या, पुढच्या सीटखालचा नवा पत्रा, हे सगळं माझं. त्या पत्र्याचा सांधा बोट फिरवून सापडला तर मला सांग. वायरिंग सगळी नवी आहे, पण वरून जुन्यासारखी कापडात गुंडाळलेली. इंजिन मात्र मी केलेलं नाही. ते विकत आणलं. लाकडी पेटीतून आलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, सोबत हमीचा कागद.

तीस वर्षं दुकानाच्या पाटीवर 'इंजिनं बांधून मिळतील' असं लिहिलेलं आहे. कुल्प, जो शेजारी ट्रकचे टायर विकतो आणि उरलेला दिवस माझ्या दुकानात काढतो, त्याने पेटी उतरवताना पाहिली आणि म्हणाला, "मर्विन, आता पाटी बदल लेका. 'पेट्या उघडून मिळतील' असं लिही." मी म्हटलं, दुसरी बाजू धर. पेटी जड होती.

गाडी कोणती ते तुला कळलंच असेल. आपण दोघांनी टर्की सोलून साठवलेल्या पैशांत ती छप्पनची शेवरोले घेतली तेव्हा मी एकोणीसचा होतो आणि तू सतराचा. तेव्हा ती निळसर हिरवी होती, छत पांढरं. आपल्या धर्ममंडळीत गाडी चालते, पण काळीच, आणि चकचकीत भागही काळे करायचे, म्हणून आपण तिला गोठ्यामागे काळी केली. अंग मी फवारलं. बंपर तू ब्रशने रंगवलेस, कारण बाप्तिस्मा आठवड्यावर आला होता आणि तुला धीर नव्हता. मी तेव्हाच सांगितलं होतं की खालचं क्रोम घासल्याशिवाय रंग धरणार नाही. धरला. ओघळ मात्र अजून तसेच आहेत, डावीकडे जास्त. गेल्या महिन्यात त्यांच्यावर सँडपेपर घेऊन उभा राहिलो होतो. तसेच ठेवले.

मी मंडळी सोडली तेव्हा गाडी तुझ्याकडे राहिली. मग तो नोव्हेंबर आला. आपल्याकडे उपदेशक कोणी निवडत नाही, तो निघतो. बाकावर सात पुरुष, समोर सात गीतपुस्तकं, एकात चिठ्ठी. ती तुझ्या पुस्तकात निघाली. बाबा सांगायचे की तू त्या संध्याकाळी गाडी छपरात लावलीस, दार ओढून घेतलंस आणि पुन्हा तिकडे गेला नाहीस. ज्याच्यावर चिठ्ठी पडली तो माणूस रेडिएटरमधलं पाणी काढायचं लक्षात ठेवत नाही. जानेवारीत ते गोठलं आणि इंजिनाचा ब्लॉक उभा तडकला. मी त्याबद्दल कधी बोललो नाही, आताही बोलत नाही. फक्त जुनं इंजिन का वापरता आलं नाही ते नोंदवून ठेवतो. बाबा गेल्यावर गाडी माझ्या मागच्या शेडमध्ये आली आणि तिथेच होती.

फेब्रुवारीत अल्टा आली. बहिणीच्या रिवाजाप्रमाणे आंबट-गोड लोणच्याची बरणी आणि गावची बातमी दोन्ही घेऊन. ऑक्टोबरात मका तोडणाऱ्या यंत्रात तुझा डावा पाय गुडघ्याखाली गेला हे मला माहीत होतं, दवाखान्यात येऊनही गेलो होतो. तू झोपला होतास किंवा डोळे मिटून होतास. पुढचं माहीत नव्हतं. अल्टा म्हणाली, "तो गाडीत मागे बसतो, मर्विन. पुढे बस म्हटलं तरी नाही. सभाघरात कोणीतरी आणून सोडतं, तो मागच्या बाकावर बसतो आणि कोणीतरी घरी नेऊन सोडतं. पोतं ठेवावं तसं." मी विचारलं, उपदेश? "नाही. लेना म्हणते, नवरा शेतातही जात नाही. मंडळीने पायांशिवाय नुसत्या हाताने चालवायची व्हॅन देऊ केली, तर म्हणाला, ज्याला गरज आहे त्याला द्या." म्हटलं, मग त्याला गरज नाही का? "ते तू त्याला विचार. तुम्ही दोघं एकाच ताठ्याचे. एकाने टोपी घातली, एकाने काढली, एवढाच फरक." ती गेल्यावर मी शेडमध्ये जाऊन गाडीवरची ताडपत्री काढली.

इंजिन निवडायला मला दीड महिना लागला. तयार इंजिनं विकणारा रेडिंगमध्ये आहे, तरुण माणूस, हात स्वच्छ. त्याने पहिलं दाखवलं ते सव्वाचारशे अश्वशक्तीचं. "काका, हे बसवा, रस्ता फाटेल." मी विचारलं, आणि थांबेल कशाने? गाडीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत आणि मागचा आस सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी घडवलेला आहे. तो म्हणाला, "तेही बदलू." हा धंदा असाच आहे, अमोन. माणूस एक इंजिन घ्यायला जातो आणि गाडी सोडून सगळं विकत घेऊन येतो. दुसरं होतं ते नव्या जातीचं, संगणकावर चालणारं, हलकं, पेट्रोल कमी खाणारं. चांगलं आहे, खोटं बोलणार नाही. पण त्याला वायरींचं जाळं लागतं, टाकीत पंप लागतो, आणि कधी बंद पडलं तर कॉम्प्युटर जोडल्याशिवाय ते का बंद पडलं हे कळत नाही. तुझ्या अंगणात बंद पडलं तर तू बॉनेट उघडून नुसता पाहत बसशील. तिसरं कोपऱ्यात होतं. साधं, बिडाचं, साडेतीनशे घनइंचाचं, यादीतलं सगळ्यात मवाळ आणि सगळ्यात स्वस्त. वर कार्बोरेटर, बाजूला जुन्या पद्धतीचा पेट्रोल पंप बसवायची जागा. त्याचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळतात. पोरगा म्हणाला, "हे बहुतेक लोक वीटभट्टीच्या ट्रकला नेतात." मी म्हटलं, हेच दे.

तू विचारशील, मग स्वतः का नाही बांधलं. कुल्पनेही विचारलं. तुझ्याकडे दुसरा चांगला ब्लॉक पडलाय, मशिन आहे, हात आहेत, मग दुसऱ्याचं इंजिन कशाला? त्याला मी कारण सांगितलं नाही, तुला सांगतो. माझ्या हातून मवाळ इंजिन होत नाही. बसतो तेव्हा ठरवून बसतो, आणि मग कॅमशाफ्ट निवडताना एक पायरी वरची उचलतो, हेडची भोकं जरा मोकळी करतो, आणि उठतो तेव्हा ते इंजिन भर गल्लीत माझं नाव घेत असतं. स्टिव्हन्स गावच्या अग्निशामक दलाच्या प्रमुखाने बायकोला बाजारात न्यायला शांत इंजिन सांगितलं होतं. पहिल्या दिवशी ते चर्चच्या मैदानात सुरू केलं तर शेजारच्या तीन गाड्यांचे धोक्याचे भोंगे वाजले. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. मला ते इंजिन आवडतं. पण तसलं इंजिन सभाघराच्या अंगणात नेता येत नाही, आणि माझ्या हातचं असतं तर बॉनेटखाली रोज मीच बसलो असतो. या इंजिनावर माझं नाव कुठेही नाही. हमीच्या कागदावरही मी गाडीच्या मालकाच्या जागी दोन नावं लिहिली, कारण गाडीच्या कागदावर अजून दोन नावं आहेत.

पेटी उघडली तर व्हॉल्व्हवरची झाकणं क्रोमची निघाली. आरशासारखी. साधी काळी झाकणं मागवली तर सहा आठवडे, आणि हीच किमतीत धरलेली. मी ती उतरवून, घासून, मंद काळ्या रंगात रंगवली, एअर क्लीनरचं झाकणही. कुल्प स्टुलावर बसून सँडविच खात होता. म्हणाला, "बॉनेटखाली कोण बघतंय बाबा? तुमचा नियम बंपरचा आहे ना? आणि तू तर त्या मंडळीत नाहीस." मी म्हटलं, गाडी आहे. त्याने सँडविच संपवलं आणि हात पुसले. "तुम्हा लोकांचं काही खरं नाही," म्हणाला.

जागा चांगली मिळाली. सहा सिलिंडरच्या गाडीत रेडिएटर मुळातच पुढे असतो, त्यामुळे मागे पंख्याला हातभर मोकळं राहिलं. ज्यांची गाडी मुळातच आठ सिलिंडरची, व्ही-आठची, असते त्यांना हे फुकट मिळत नाही. धूर बाहेर नेणारे बिडाचे पाईप मी मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले जुने शोधून आणले, कारण पातळ नळ्यांचे नवे लावले की आवाज किणकिणतो, आणि शिवाय ते स्टिअरिंगच्या पेटीला घासतात. कुल्पला हे सगळं पटत गेलं. फक्त गिअरबॉक्स आला तेव्हा तो उठून उभा राहिला. "ऑटोमॅटिक? या गाडीत? मर्विन, हाताने तीन गिअर टाकायची गाडी ही. कोणा आजीबाईला विकणार आहेस का? क्लचचं पेडल काढून टाकतोस म्हणजे घोड्याचा लगाम काढून शेपटीला बांधल्यासारखं झालं." तीन दिवस तो हेच बोलत होता. टायर घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही आणून दाखवत होता. मग एका सकाळी मी दिव्यांचं बटण हलवत होतो. तुला आठवत असेल, या गाडीत पुढच्या दिव्यांचा झोत वरखाली करायचं बटण खाली पत्र्यात असतं, डाव्या पायाने दाबायचं. मी ते काढून भोक बुजवलं आणि स्टिअरिंगच्या दांड्याला, बोटाशी, लहान खटका बसवला. कुल्प वाकून बुजवलेल्या भोकाकडे पाहत राहिला, मग खटक्याकडे. खटका दोनदा खालीवर केला. दुसऱ्या दिवशी रबराची नवी ब्रेक-पेडलची गादी घेऊन आला, जरा रुंद, आणि म्हणाला, माझ्याकडे पडून होती. पडून नव्हती. पाकीट नवं होतं.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा कुल्प बाहेर उभा होता. आत येऊन त्याने विचारलं, "कधी सुरू करतोस?" इंजिन चालू होतं. इतक्या वर्षांत मला माझ्या कामाबद्दल असं कोणी म्हटलं असतं तर मी दुकान बंद केलं असतं. त्या दिवशी मी किल्ली फिरवून बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा ऐकलं. शिवणयंत्र पलीकडच्या खोलीत चालावं तसं. आईच्या यंत्रासारखं म्हणत नाही, आईचं यंत्र खडखडायचं. टेरे हिलच्या चढावर नेली, दुसऱ्या गिअरला न उतरता वर गेली. उतारावर ब्रेक सरळ लागतो, कुठेही ओढत नाही. तेल गळत नाही. तू बघशीलच म्हणून आधी सांगतो, मागचं उजवं दार अजून दोनदा लावावं लागतं.

फोन केला असता, पण फोनवर तू 'बरं' म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून लिहिलं. शनिवारी सकाळी गाडी तुझ्या अंगणात आणून लावतो, कुल्प मला परत न्यायला मागून येईल. किल्ली आतच असेल, लेनाकडे देणार नाही. चालवायची की झाकून ठेवायची ते तू ठरव. हा उपकार नाही, हे तुला कागदावर दिसेल. कोणी तुला काही देऊ केलेलं नाही, निम्मी गाडी तेव्हापासून तुझीच आहे आणि आता निम्म्या दिवसांची पाळी तुझी. एक गोष्ट मात्र तुला न विचारता केली, आणि ती तुझ्या निम्म्याबद्दलही होती, म्हणून ती कळवणं भाग आहे. हमरस्त्यावर पर्यटकांसाठी जेवणाचं मोठं हॉटेल आहे, त्याचा मालक प्रिचर्ड मंगळवारी दुकानात आला. काळ्या बंपरची खरी गाडी शोधत होता. बंपरवरचे तुझे ओघळ त्याला फार आवडले, त्यांना हात लावू नका म्हणाला. गाडी दारापाशी उभी करायची, बाजूला पाटी, आणि स्टिअरिंगमागे दाढी लावलेला, गवती टोपीचा पुतळा बसवायचा, म्हणजे लोक शेजारी बसून फोटो काढतील. मी इंजिनाचं सांगू लागलो तर म्हणाला, "इंजिन तुम्ही काढून ठेवा हो, आम्हाला काय करायचंय. ती कुठे जाणार नाहीये. किंमत तीच." मी नाही म्हटलं, दोघांच्या वतीने. आकडा होता अडतीस हजार डॉलर. त्यातले एकोणीस तुझे.

तुझाच,
मर्विन