कूस वळवायला दोघी

मी, आनामारी, कै. सांतान लोबो यांची विधवा, वय सत्तरीच्या आसपास, राहणार कट्टा, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, कमरेखाली निकामी पण डोक्याने शाबूत असून, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर राजीखुशीने हे मृत्युपत्र परशुराम मास्तरांकडून लिहवून घेत आहे. मास्तरांनी मी सांगेन तेच लिहावे, सुधारू नये.

राहते घर व परसू यजमानांनी माझ्या नावे घेतलेले आहे. ते मी माझ्या दोन्ही सुनांना, थोरली सेवेरीन व धाकटी फिलू यांना, मिळून देते. मुलगे पास्कू व जुझे बोटीवर असतात. घर सांभाळते कोण, हे मला ठाऊक आहे.

या दोघी एका कोंबडीवरून भांडल्या. सेवेरीनच्या भावाच्या पाहुणचाराला फिलूची कोंबडी कापली गेली, आणि एका घरात दोन चुली झाल्या. मी चालतीबोलती होते तोवर रागावले, रडले, देवाला नवस बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. मग विहिरीवर पडले आणि खाटेला खिळले. मी अंगाने जड, एकट्या सुनेच्याने माझी कूस वळेना. पहिले काही दिवस दोघी मुक्यानेच चादर ओढत. एकदा मी खाटेवरून घसरू लागले तशी सेवेरीन ओरडली, "थयसून धर गो!" फिलू म्हणाली, "धरलंय. तू उचल." तेव्हापासून बोलतात. आता तर माझ्या अंगावरून हात पसरून एकमेकींना सासूच्या खोडी सांगतात.

पाद्रीबाब म्हणाले होते, देव दुबळ्याच्या हातून आपले काम करवून घेतो. तेव्हा मला राग आला होता, कारण पाठीला जखमा झाल्या होत्या. आज मी ते मानते. माझ्या धडधाकट पायांना जे साधले नाही, ते त्याने या पांगळ्या देहाकडून साधले. बळ त्याचे, मी नुसती पडून होते.

सोन्याची साखळी सेवेरीनला, कुडी फिलूला.

दीर बस्त्यांव माझ्या उशाशी बसून म्हणाले, "हो देवाचो दंड." त्यांना माझी खाट द्यावी. एकदा निजून पाहावे.

मला भीती एकच. मी गेले की दोघींना एकत्र यायला निमित्त उरणार नाही. मुलांनी मागल्या रजेत माझ्याच पैशांनी चिरे आणून अंगणात रचले आहेत. माझ्यामागे घराच्या मधोमध भिंत घालणार म्हणतात. चिरे माझे, म्हणून त्यांचीही व्यवस्था लिहिते. एकूण एक चिरा दफनभूमीत न्यावा आणि माझ्या कबरेला लावावा. भिंतीची एवढीच हौस असेल तर ती माझ्याभोवती घाला. मला कुठे जायचे नाही.

आनामारी लोबो, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

बाईंनी सर्व ऐकून आमच्यादेखत अंगठा उठवला व आम्ही त्यांच्यादेखत खाली सही-निशाणी केली. सुना त्या वेळी खोलीत नव्हत्या.

साक्षीदार: दाजी वामन सावंत, दुकानदार (सही)
सुभद्रा परब, शेजारीण (अंगठा)
लिहिणार: परशुराम मास्तर (सही)

कट्टा, ता. ९ मे १९६२