आडवा पडलेला फणस

बाई, मी समुद्र पाहिला. भूगोलाच्या तासाला भिंतीवरच्या नकाशातल्या निळ्या रंगावरून पट्टी फिरवीत तुम्ही विचारले होते, "कोणी पाहिला आहे का? हात वर करा," आणि रायपूरच्या आपल्या मराठी शाळेतल्या त्या वर्गात एकही हात वर झाला नव्हता. तुमचाही नव्हता. तुम्ही हसून म्हणालात, "मग आपण सगळे सारखेच." त्यानंतर काही वर्षांनी, मी दहावीत असताना, तुम्ही कायमच्या गेलात. आता मी नव्या रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात काम करते. समुद्र मी पाहिला तो अशा दिवसांत, की त्याच्याकडे पाहायला तिथे कोणालाच सवड नव्हती. म्हणून तो तुम्हाला सावकाश सांगावासा वाटतो.

आधी तुमचे स्वयंपाकघर आठवते. रेल्वे कॉलनीतल्या तुमच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी मी शिष्यवृत्तीच्या अभ्यासाला येत असे. तुम्ही भाकरी थापीत असता, मी दाराच्या चौकटीला टेकून पाढे म्हणते आहे, मागून मालगाडी जाते आहे आणि फळीवरची पातेली किणकिणत आहेत. वर्गात तुम्ही छापील पुस्तकासारखे बोलत असा. घरी मात्र, विशेषतः रागावलात की, तुमच्या तोंडी सगळे वर्धा-नागपूर येई. "काय पुटपुटून राहिली व पोट्टी? मले सांगून राहिली का या पिठाले?" मी आवाज चढवायचा प्रयत्न करी आणि तो आणखीच आत जाई. "पयला नंबर तुहा, आन् आवाज मुंगीचा," असे म्हणून तुम्ही भाकरी तव्यावर टाकीत असा. आपले नवे राज्य होऊन रायपूर राजधानी झाले त्या वर्षी तुम्ही आम्हाला पुस्तकातले 'भोपाळ' खोडून वर 'रायपूर' लिहायला लावले होते. साऱ्या वर्गाने आनंदाने खोडले. मी मात्र छापलेल्या शब्दावर रेघ ओढायला घाबरले, तेव्हा तुम्ही माझा हात धरून ती रेघ ओढलीत. पुस्तकातली गोष्ट पुस्तकाबाहेर बदलू शकते, याचा मला पहिल्यांदा धक्का बसला तो तेव्हा.

कार्यालयात माझ्या शेजारी बसणारी एक दीदी आहे. ती बीरगांवला राहते, ख्रिस्ती आहे, आणि तिच्या वस्तीतले चर्च लहान असले तरी तिथली माणसे कामाची आहेत. बहुतेक जण शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत जाणारे. ओडिशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन गेले, आणि चर्चमधले काही जण तिकडे साफसफाईला निघाले. दीदीने मला विचारले, "चलोगी? सिर्फ सफाई करनी है, बात नहीं करनी." या दुसऱ्या वाक्यामुळेच मी हो म्हटले. घरी आईने कपाळाला आठी घातली. "चर्चवाल्यायसंग? काहून? आपल्या विहारातले लोक चालले असते तं समजलं असतं." मी म्हटले, ते जात नाहीत आणि हे जात आहेत. आई म्हणाली, "तुले खराटा तरी धरता येते का?" आणि जुन्या सुती साडीचे तुकडे फाडून माझ्या पिशवीत घातले, हातांना फोड आले तर बांधायला.

जिथवर गाडी जात होती तिथवर आम्ही गाडीने गेलो आणि पुढे एका ट्रकमध्ये, ताडपत्र्या आणि तांदळाच्या पोत्यांवर बसून. बाई, वाऱ्याचे वर्णन मी किती ठिकाणी वाचले असेन. पण वारा निघून गेल्यावर त्याचा आकार जमिनीवर उरतो, हे कुठे लिहिलेले नव्हते. मैलोगणती नारळीची झाडे एकाच दिशेला माना टाकून होती, जणू कोणी एका हाताने सगळा प्रदेश विंचरला होता. विजेचे खांब गुडघ्यात वाकले होते. भाताच्या शेताच्या मधोमध एक होडी सरळ बसलेली होती, आपण इथलेच आहोत अशा थाटात. झाडांवर पानच उरले नव्हते, त्यामुळे फार दूरपर्यंत दिसत होते आणि इतके दूर दिसणे चांगले वाटत नव्हते. आणि पक्षी जमिनीवर बसलेले होते. कावळे, साळुंक्या, बगळे, सगळे एकमेकांजवळ, चिखलात. ट्रक जवळून गेला तरी ते उडेनात. दीदी एरवी अखंड बोलते. ती नुसती माझा दंड धरून बसली. वळणावर डाव्या हाताला समुद्र दिसला, राखाडी, सपाट, अगदी शांत. एवढे सगळे यानेच केले, यावर विश्वास बसू नये असा.

या लोकांची काम करण्याची एक रीत आहे, ती तुम्हाला आवडली असती. कोणाच्याही अंगणात पाय ठेवला की खराटा, फावडे बाजूला ठेवायचे आणि त्या घरच्या माणसाला विचारायचे, "पहले क्या करें?" घरातले सांगतील ते आधी; आपल्याला काय योग्य वाटते ते नंतर. त्यांचे पास्टरजी, कारखान्यातून निवृत्त झालेले, मोठ्या मिशांचे गृहस्थ, या बाबतीत फार कडक होते. बहुतेक घरी उत्तर ठरलेले असे: छप्पर, नाहीतर विहीर, नाहीतर दारातला गाळ.

त्या गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहत होती. तिच्या घराच्या तीन भिंती उभ्या होत्या आणि छप्पर शेजारच्या तळ्यात पडले होते. दारातला फणस उपटून वाटेवर आडवा झाला होता. त्याची अर्धी मुळे आकाशाकडे होती, अर्धी अजून मातीत. गावकऱ्यांनी आम्हाला त्यासाठीच बोलावले होते, कारण त्या झाडामुळे पाण्याचा टँकर पलीकडच्या वस्तीत जाऊ शकत नव्हता. आमच्यातल्या दोघांनी करवतही काढली. पास्टरजींनी रीतीप्रमाणे विचारले, "माँ, पहले क्या करें?" म्हातारी त्या खोडावरच बसली होती. ती म्हणाली, "गछ काटिब नाहीं." झाड तोडायचे नाही. मग मोडक्या हिंदीत, हाताने दाखवीत, "खड़ा करो."

गावातला एक जण हसला. "म्हातारीचे डोके पण वाऱ्यासोबत गेले," अशा अर्थाचे काहीतरी तो ओडियात बोलला असावा, कारण बाकीचेही हसले. ती चिडली नाही. तिने जे सांगितले ते, थोडेफार ओडिया येणाऱ्या दीदीने मला समजावले: छप्पर पावसाळ्याआधी कोणीतरी घालून देईल, सरकार नाहीतर जावई. हा फणस तिने स्वतः लावला, कित्येक वर्षे वाट पाहिली, आता कुठे तो भरभरून धरू लागला होता. बाजारात तिला ओळखतात ते या झाडाच्या गऱ्यांवरून. नवे रोप लावले तर त्याचे फळ खायला ती राहणार नाही. आणि उघडी मुळे उन्हात आणखी एक दिवस राहिली तर हेही जाणार. एवढेच. रडणे नाही, विनवणी नाही.

आमच्यात कुजबुज सुरू झाली. टँकरचा रस्ता, पलीकडचे लोक, आमच्याजवळ राहिलेला एकच दिवस. करवत हातात असलेला दादा म्हणाला, "पास्टरजी, दस मिनट का काम है. काट देते हैं, फिर उनकी छत बना देंगे. अच्छी छत." पास्टरजींनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "पूछा क्यों था फिर? पूछा है तो मानना पड़ेगा." तो दादा करवत गुंडाळीत पुटपुटला, "अगली बार पूछेंगे ही नहीं," आणि पास्टरजींसकट सगळे हसले; पण करवत पोत्यात गेली. मी तेव्हा त्या गृहस्थांकडे नीट पाहिले. देवाबद्दल ते दिवसभर बोलत, आणि ते मी अर्धवट ऐकत असे. हे एक वाक्य मात्र मी पूर्ण ऐकले.

फांद्या छाटल्या, मुळांखालचा खड्डा मोठा केला. मग खोडाला पोती गुंडाळून दोर बांधला आणि ट्रकने ओढून पाहिले. ट्रकने असा हिसका दिला की पोती सरकली, दोर सालीत रुतला आणि चीक गळू लागला. म्हातारीने दोन्ही हात डोक्याला लावले. ट्रक नको, असे ठरले. हातांनीच ओढायचे. खोडाला दोन दोर बांधून ते मुळांकडच्या बाजूने ओढायला घेतले, एकावर आम्ही रायपूरवाले, दुसऱ्यावर गावातले. आता मघाशी हसलेला माणूसही आला होता. आणि तिथे अडले, बाई. आमचे लोक भजनाच्या चालीवर ओढीत, आणि ते भजन फार संथ होते. ते लोक आपल्या कोळ्यांच्या हाळीवर ओढीत, आणि ती फार झटपट होती. एक दोर ताणला जाई तेव्हा दुसरा सैल पडे, झाड थोडे वर येई आणि कुशीवर वळून पुन्हा आडवे होई. प्रत्येक वेळी मुळांचा एखादा धागा तुटल्याचा आवाज येई. तो आवाज ऐकून म्हातारी खोडापासून दूर जाऊन, पाठ करून बसली.

मी दोराच्या मध्यावर होते. घाबरले की मी पाढे म्हणते. दातांच्या डॉक्टरकडेही म्हणते, लिफ्ट बंद पडली तेव्हाही म्हटले होते. ओठांतल्या ओठांत, नेहमीसारखे. माझ्या मागे बीरगांवची एक जाडजूड काकू होती, तिला सगळे आंटी म्हणत. ती माझ्या कानाशी म्हणाली, "का बुदबुदावत हस नोनी? मंतर पढ़त हस का?" नोनी म्हणजे तुमची पोट्टी.

"पहाड़ा है, आंटी." पाढा आहे, मंत्र नाही.

"त जोर से पढ़ न. मोर हाथ तोरेच गिनती म चलत हे."

तिचे हात माझ्याच मोजणीवर चालले होते, आणि मला ते ठाऊकच नव्हते. मी बेच्या पाढ्यावर आले. बे एके बे. बे दुणे चार. माझा आवाज मोठा झाला असे मी म्हणणार नाही. तो आंटीपर्यंत पोचत होता, आणि आंटीचा आवाज समुद्रापर्यंत पोचत होता. 'बे दुणे' म्हणताना हात पुढे न्यायचे आणि 'चार'ला सगळ्यांनी मागे रेलायचे, हे कोणी कोणाला सांगितले नाही. पलीकडच्या दोराला मराठी कळत नव्हते, पण चार आणि आठ त्यांच्याकडेही जवळजवळ तेच आहेत, त्यामुळे आधी ते तेवढ्याच दोन आकड्यांना आमच्याबरोबर ओढू लागले, मग सगळ्यांना. दहाला कोणी दस म्हणाले, कोणी दश. ओढ एकच होती. पाढा वीसपर्यंत जाई, थांबे, बांबूचे टेकू सरकत, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तुमच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यांवर आपटून परत येणारे ते शब्द, बाई, आणि त्यांच्या टोकाला एक आख्खे झाड होते.

झाड उभे राहिले. मुळे खड्ड्यात बसली तो आवाज मला पायांतून ऐकू आला. मोठे जनावर खाली बसताना सोडते तसा सुस्कारा. मग माती, पाणी, चारही बाजूंनी बांबू. पाने नसलेला, हात छाटलेला फणस, तरीही एवढ्या आडव्या पडलेल्या मुलखात तेवढा एक उभा. आम्ही हात धूत असतानाच एक साळुंकी येऊन त्याच्यावर बसली. म्हातारी उठून आली, तिने खोडाला हात लावला नाही, फक्त वर पाहिले. आमच्याकडे वळून म्हणाली, "आता छप्पर." पास्टरजी मोठ्याने हसले. टँकर पलीकडे गेला, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही छपराचे काम केले.

परत आल्यावर आईने माझ्या हातांचे फोड पाहिले आणि विचारले, "काय करून आली?" मी सांगितले, "झाड उभं केलं." ती म्हणाली, "आन्?" नव्या रायपूरच्या रुंद रस्त्यांच्या कडेला, बांबूंच्या आधाराने उभी केलेली रोपे मी रोज बसमधून पाहते, आणि मला अजूनही त्या 'आन्?'च्या पुढचे कोणाला नीट सांगता येत नाही.

पावसाळा सरता सरता दीदीच्या मोबाइलवर एक फोटो आला. फणसाची एक बाजू वाळून गेली आहे. दुसऱ्या बाजूला थेट खोडातून कोंब फुटले आहेत, दाट, तकतकीत, आणि शेजारी म्हातारी कपाळावर आठ्या घालून उभी आहे. दीदीने फोटो मला दाखवला आणि म्हणाली, "देखा? सुन लिया उसने." कारण झाड उभे राहिल्यावर आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो होतो आणि पास्टरजींनी प्रार्थना केली होती, की हे जगू दे. सगळ्यांनी डोळे मिटले होते. मीही मिटले.

पण बाई, आपल्या बुद्धवंदनेत मागणे नसते, हे तुम्हीच एकदा मला समजावले होते. आपण नमन करतो, हात पसरीत नाही. त्यांच्या देवाकडे मागावे तर माझी त्याच्याशी ओळख नव्हती. आणि मागितल्याशिवाय राहवेना, कारण मुळे तुटल्याचा तो आवाज मी ऐकला होता. म्हणून मी तुमच्याकडे मागितले. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, तेव्हा लिहून टाकते. कोणी ऐकले, याबद्दल दीदीचे आणि माझे मत जरा वेगळे आहे, आणि ते मी तिला अजून सांगितलेले नाही.